अर्थची पिन कापायच्या आधी

‘ॲम्प्लिफायरची अर्थची पिन कापून टाका. आकाशातली वीज जमिनीत जाते आणि जमिनीतून अर्थच्या वायरीने घरात शिरते. पिनच नसेल तर येणार कुठून? शिवाय हमही (स्पीकरमधली घूं-घूं) जातो.’

हा एका लांबलचक संदेशातला चौथा मुद्दा. वळवाचे ढग जमायला लागले की दरवर्षी तो फिरू लागतो. यंदा मला तो गाण्याच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर आणि भाच्याकडून असा तीनदा आला. मथळा ‘पावसाळ्याआधी आपली साउंड सिस्टीम वाचवा’, खाली सहा मुद्दे, शेवटी जोडलेले हात. उरलेले पाच मुद्दे असे: घरात एमसीबी (जादा प्रवाहाला पडणारा खटका) आणि ईएलसीबी (गळतीला पडणारा खटका) असेल तर झटक्याची काळजी नको. स्टॅबिलायझर लावला की सर्ज येतच नाही. स्पाइक गार्डचा लाल दिवा पेटतोय म्हणजे संरक्षण चालू आहे, आणि ज्यूलचा आकडा जितका मोठा तितका गार्ड चांगला. विजा चमकायला लागल्या की बोर्डावरचं बटण बंद केलं तरी पुरे. आणि सहावा, जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या मशीनला काही होत नसतं.

लिहिणारा माणूस लबाड नसावा. सहाही मुद्द्यांत कुठे ना कुठे थोडं खरं आहे, म्हणून तर लोक तो पुढे पाठवतात. घोटाळा असा आहे की त्याच्या लेखी ‘झटका’ नावाची एकच वस्तू आहे. मी सगळा जन्म भोसरीला इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काढला आणि निवृत्तीनंतर हौसेने जुने ॲम्प्लिफायर दुरुस्त करते. माझ्या टेबलावर जळून आलेली यंत्रं मुख्यतः दोन कारणांनी जळलेली असतात, आणि त्या दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही. पहिलं कारण म्हणजे उसळी, इंग्रजीत सर्ज. जवळपास वीज पडली, सोसायटीचा पंप किंवा लिफ्ट बंद झाली, की वायरीवर क्षणभर शेकडो, कधी हजारो व्होल्ट चढतात आणि सेकंदाच्या वीस हजाराव्या भागात उतरतातही. दुसरं म्हणजे २३० च्या जागी ३००-३५० व्होल्ट येणं आणि ते तिथेच ठाण मांडून बसणं. पहिली थप्पड आहे, दुसरं गळा दाबणं. थप्पड चुकवायची ढाल गळा सोडवायला उपयोगाची नाही.

सुरुवात चौथ्यापासूनच करते. बाकीच्या पाचांनी बहुतेक वेळा यंत्रच जाईल, याने माणूस जाऊ शकतो.

सदाशिव पेठेत एका वाड्यात माझी मावशी राहते. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेत, कान शाबूत. तिच्याकडे काकांच्या वेळच्या एलपी आहेत आणि मी दुरुस्त करून दिलेला ॲम्प्लिफायर. गेल्या वर्षी हा संदेश वाचून मावसभावाने त्याची अर्थची पिन पक्कडीने उडवली. हम बराच कमी झाला, सगळे खूश. मी दिवाळीनंतर गेले तेव्हा मावशी आवाज कमी करायला उठली आणि तिने आधी शेल्फवरून एक पुठ्ठ्याचा तुकडा उचलला. चहाच्या पुड्याचा, दुमडून बटणाच्या मापाचा केलेला. त्यात बटण धरून तिने फिरवलं.

‘‘हे काय?’’

‘‘अगं, याला हात लावला की मुंग्या येतात. ओला हात असला की जास्तच. म्हणून हे ठेवलंय.’’

मी तिथल्या तिथे प्लग उपसला.

मुंग्या कशाच्या, ते सांगते. तीन पिनांच्या ॲम्प्लिफायरचा पत्रा अर्थला जोडलेला असतो. आत मेन्सच्या फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून पत्र्याला, दुसरा न्यूट्रलपासून पत्र्याला. अर्थ असली की त्यांच्यातून झिरपणारा किरकोळ प्रवाह जमिनीत जातो. अर्थ तोडली की त्याला जायला वाट उरत नाही आणि पत्रा फेज आणि न्यूट्रलच्या मधोमध, साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. प्रवाह मिलिॲम्पिअरपेक्षाही कमी, म्हणून नुसत्या मुंग्या. पण उद्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं किंवा आतली एखादी वायर सुटून पत्र्याला टेकली की तोच पत्रा सरळ २३० वर जाईल. अर्थ असती तर फ्यूज उडाला असता. ती नाही, त्यामुळे यंत्र बिनबोभाट गात राहील आणि पत्रा वाट बघत बसेल. नुसता पत्राच नव्हे. आवाजाचा सिग्नल आणणाऱ्या आरसीए केबलची बाहेरची जाळी त्याच पत्र्याला जोडलेली असते, म्हणजे तिकडचा टर्नटेबलचा धातूचा आर्मसुद्धा. सुई उचलायला आपण बोट लावतो तो.

आता ‘वीज अर्थमधून येते’ याबद्दल. यात एक धागा खरा आहे. जवळ वीज पडली की तिथल्या जमिनीचाच विद्युतदाब क्षणभर चढतो आणि अर्थची वायर त्याबरोबर चढते. पण उंची यंत्राला मारत नाही, फरक मारतो. मुठेला पूर आला आणि होडी दहा फूट वर गेली तर आतल्या माणसांना काही होत नाही. त्यातल्या एकाचा पाय मात्र काठावरच्या खुंट्याला बांधलेला असेल तर तो गेला. आपल्या घरात हा खुंटा म्हणजे गच्चीवरून येणारी टीव्हीची केबल, डिशची केबल किंवा गल्लीतून इमारत ते इमारत लोंबत आलेली इंटरनेटची तांब्याची वायर. ॲम्प्लिफायर घराच्या अर्थवर, केबल तिसऱ्याच कुठल्या तरी अर्थवर, आणि दोघांमधला फरक आरसीएच्या वायरीतून आपला हिशेब मिटवतो. पिन कापून आपण खुंटा सोडत नाही, उलट आपल्याला होडीशी बांधून ठेवणारी दोरी कापतो.

एक गोष्ट मात्र संदेशवाल्याच्या बाजूने कबूल करायला हवी. फेज आणि न्यूट्रलमधली उसळी शोषायला अर्थ लागत नाही, गार्डातला त्या दोघांमधला भाग अर्थशिवायही काम करतो. त्यामुळे पिन कापल्यावरही ‘माझं काही बिघडलं नाही’ असं सांगणारे लोक भेटतील, आणि ते खोटं बोलत नसतील. त्यांची बाकीची दोन दारं उघडी आहेत एवढंच. फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ.

आणि हम? तो बहुतेक वेळा या दोन अर्थांच्या भांडणाचाच आवाज असतो. मावशीकडे मी सेट टॉप बॉक्सची केबल मागून काढली आणि उरलासुरला हमही थांबला. पिनेचा त्यात दोष नव्हताच. उपाय स्वस्त आहेत. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घ्या, टीव्हीचा आवाज ऑप्टिकल केबलने आणा, ते जमत नसेल तर आरसीएच्या मध्ये एकास-एकचा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. सिग्नलची वाट तोडायची, अर्थची नाही. कान तयार असेल तर हमचा प्रकारही ओळखता येतो. अर्थच्या लूपचा हम मुख्यतः ५० हर्ट्झचा, जाड, तळातला. पॉवर सप्लायचे कपॅसिटर वाळले असले की १०० हर्ट्झचा, बरोबर एक सप्तक वर. दुसऱ्या प्रकारात पिन कापा नाही तर केबल काढा, तो जागचा हलत नाही. कपॅसिटरच बदलावे लागतात.

मावशीकडचं प्रकरण इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. मी नवा थ्री पिन टॉप बसवायला वायरमनला बोलावलं आणि म्हटलं, सॉकेटला अर्थ आहे का बघा.

‘‘आहे की ताई. तीन भोकं आहेत ना.’’

त्याने टेस्ट लॅम्प लावला. फेज आणि अर्थच्या मध्ये १०० वॅटचा बल्ब लख्ख पेटला. तो विजयी मुद्रेने बघायला लागला. मी म्हटलं, तरी उघडा. लाकडी केसिंग-पट्टीतून आलेल्या वायरी दोनच होत्या. सॉकेटच्या मागे न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत बोटभर वायरचा तुकडा टाकलेला. कुणी तरी, कधी तरी, अर्थ ‘दिली’ होती. बल्ब काय, मल्टिमीटर काय, या तुकड्याने सगळे फसतात. नेहमीच्या दिवशी काही कळत नाही. पण मागे कुठे न्यूट्रल सुटला की घरात चालू असलेल्या कुठल्याही दिव्यातून फेज मागे फिरते आणि या तुकड्यावरून यंत्राच्या पत्र्यावर येते. त्या सॉकेटपुरता पिन कापल्याने हा एक धोका खरं तर टळला होता म्हणा, आणि हे मी नाइलाजाने लिहितेय. जुन्या वायरिंगच्या घरात अर्थ तपासायची तर वायरमनकडून सॉकेट उघडून, डोळ्यांनी. स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसू नका.

आता पहिला मुद्दा, एमसीबी आणि ईएलसीबीचा. याचं उत्तर मला माझ्या घराने दिलं.

दोन वर्षांपूर्वीचा मे, कोथरूड, संध्याकाळी साडेसहाचा सुमार. वळीव नुकताच झोडपून गेला होता. पूरिया राग लावून मी खिडकीपाशी बसले होते. एकाएकी पंखा पिसाळला. रेग्युलेटर दोनवर आणि पाती दिसेनाशी झाली. दिवे पांढरेफटक. मी उठेपर्यंत टीव्हीच्या मागच्या स्पाइक गार्डमधून ‘फट्’ असा आवाज आला, जळक्या बेकलाइटचा वास, आणि पूरिया मध्येच तुटला. धावत जाऊन मेन स्विच खाली केला. जिन्यात वरच्या मजल्यावरचे काका उभे होते. ‘‘आमच्याकडे एकदम डिम झालंय हो, मेणबत्तीसारखं. तुमच्याकडे?’’ तेव्हाच कळलं, न्यूट्रल सुटलाय. मीटररूममध्ये टॉर्च मारला तर न्यूट्रलच्या लिंकवरचा ॲल्युमिनिअमचा लग (वायरीचं जोडटोक) काळाठिक्कर पडलेला, नट दोन बोटांनी फिरत होता. वर्षानुवर्षं कुणी आवळला नव्हता. त्यात सोसायटीची सगळी कमिटी आली आणि एक वर्ष मीही.

घरी येऊन डीबी (खटक्यांचा बोर्ड) उघडला. एमसीबीचे सगळे खटके वर. ईएलसीबीही वर. कुणी हललं नव्हतं, आणि हलायचं कारणही नव्हतं.

न्यूट्रल सुटला की काय होतं ते आकड्यांत बघू. इमारतीत तीन फेज येतात, कुठल्याही दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट. न्यूट्रल हा मधला खांब, तो पडला की दोन घरं त्या ४०० व्होल्टवर एकामागोमाग एक जोडल्यासारखी होतात. समजा एका घरात २००० वॅटचा गीझर चालू आहे आणि दुसऱ्यात २०० वॅटचे दिवे-पंखे. ज्याचा लोड कमी त्याचा रोध जास्त, आणि व्होल्टेज रोधाच्या प्रमाणात वाटलं जातं. गीझरवाल्याला मिळतील सुमारे ३६ व्होल्ट, आणि दिवे-पंखेवाल्याला ३६४. तिसरा फेज धरला की आकडे बदलतील, पण तऱ्हा हीच. काटकसरीने वीज वापरणाऱ्याचं घर आधी जळतं, यातला न्याय मला अजून समजलेला नाही.

एमसीबी प्रवाह मोजतो. १६ ॲम्पिअरचा एमसीबी १६ ॲम्पिअरच्या वर गेल्यावर जागा होणार. ३५० व्होल्टवर मरणारा ॲम्प्लिफायर एवढा प्रवाह ओढत नाही, फार तर त्याचा स्वतःचा फ्यूज उडवतो. ईएलसीबी गेलेल्या आणि परत आलेल्या प्रवाहातला फरक मोजतो. ३० मिलिॲम्पिअरचा फरक पडला तर तो पडतो, आणि माणसाचा जीव वाचवायला तो घरात असलाच पाहिजे. पण जेवढा गेला तेवढा परत आला तर त्याच्या मते सगळं आलबेल, मग व्होल्टेज कितीही असो. राहिली विजेची उसळी. एमसीबीला संपर्क उघडायला उत्तम दिवशीही काही मिलिसेकंद लागतात, उसळी २० ते ५० मायक्रोसेकंदांत येऊन गेलेली असते. म्हणजे डेक्कन क्वीन लोणावळ्याला पोचल्यावर पुणे स्टेशनात तिकिटाच्या रांगेत उभं राहायचं.

त्या संध्याकाळनंतर मी डीबीत ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवला. एमसीबीच्याच पट्टीवर बसतो, माझ्याकडचा २७० च्या वर गेलं की सेकंदाच्या आत घर तोडतो आणि व्होल्टेज ठिकाणावर आल्यावर थोडं थांबून जोडतो. तपकीर गल्लीत गेलात तर हेच नाव घेऊन मागा. नुसतं ‘सर्ज प्रोटेक्टर’ म्हटलंत तर दुसरीच वस्तू हातात येईल, आणि दुकानदाराची त्यात चूक नसेल. ती वस्तूही लागते, तिच्याकडे येतेच.

स्टॅबिलायझरवर फार वेळ घालवत नाही. तो कमी-जास्त होणारं व्होल्टेज सावकाश सावरतो. सर्व्होवाल्यात मोटर फिरून ब्रश सरकवते, रिलेवाल्यात टॅप बदलतात, आणि दोन्ही कामं उसळीच्या मानाने बैलगाडीच्या वेगाने होतात. चांगल्या स्टॅबिलायझरमध्ये ‘हाय कट’ असतो, ठरलेल्या आकड्याच्या वर तो लाइन तोडतो. न्यूट्रल गेल्यावर वाचवलं तर तेच वाचवील, आणि मुद्दा क्रमांक दोनमधलं खरं तेवढंच. आता बऱ्याच नव्या यंत्रांचा सप्लाय १०० ते २४० व्होल्ट कुठेही चालतो, त्यांना कमी व्होल्टेजचं सोयरसुतक नसतं. मागे छापलेलं वाचा, कदाचित स्टॅबिलायझरचे पैसे वाचतील. यूपीएसबद्दलही असंच. कॉम्प्युटरचा स्वस्त यूपीएस लाइट असताना मेन्सच पुढे ढकलतो, आणि लाइट गेल्यावर पायऱ्यापायऱ्यांची वीज देतो. मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा ॲम्प्लिफायर तिच्यावर गुरगुरतो आणि तापतो.

स्पाइक गार्डचा मुद्दा मात्र उघडून दाखवण्यासारखा आहे, आणि माझ्याकडे उघडायला एक आयताच होता.

त्या संध्याकाळचा जळका गार्ड मी दुसऱ्या दिवशी टेबलावर घेतला. चार सॉकेटं, पितळी पट्ट्या, एक स्विच, आणि फेज-न्यूट्रलच्या मध्ये एकुलती एक निळी चकती, साधारण नाण्याएवढी. अर्धी कोळसा झालेली, कडेचं निळं कवच फुटून आतला राखाडी भुगा दिसत होता. हा भुगा मुख्यतः झिंक ऑक्साइडचा. या चकतीला व्हॅरिस्टर म्हणतात, दुकानात एमओव्ही. नेहमीच्या व्होल्टेजला ती मख्ख बसून असते. व्होल्टेज एका मर्यादेपलीकडे गेलं की तिच्यातून एकदम प्रवाह वाहू लागतो आणि उसळी यंत्रात न जाता तिच्यातून वळते. आपल्याकडच्या गार्डांत बहुधा २७५ व्होल्टची चकती असते. ती ४३० व्होल्टच्या आसपास जागी होते आणि मोठी उसळी आली तर तिला ७०० व्होल्टच्या घरात दाबते. आपल्या २३० चं शिखर ३२५ व्होल्ट असतं, म्हणजे नेहमी शंभरेक व्होल्टचं अंतर.

आता न्यूट्रल गेल्यावर ३५० व्होल्ट आले की त्याचं शिखर ४९५ होतं. चकती सेकंदाला शंभर वेळा जागी होते आणि प्रत्येक वेळी तापते. मायक्रोसेकंदांसाठी घडवलेला प्राणी मिनिटभर कसा टिकणार? तो पेटतो. माझा फुटून थांबला. पडद्याजवळ असता तर मी हे लिहायला बसले असते का, कोण जाणे.

आणि लाल दिवा? तो पेटलेलाच होता! मेन स्विच पुन्हा वर करून मी मुद्दाम एकदा पाहिलं. दिवा चकतीला जोडलेलाच नसतो. तो एवढंच सांगतो की बोर्डात वीज आहे. चकती पहिल्याच पावसात मेलेली असली तरी दिवा वर्षानुवर्षं लाल हसत राहतो. शिवाय चकती प्रत्येक मोठ्या उसळीने थोडी थोडी झिजते. बऱ्या गार्डात संरक्षणाचा वेगळा, बहुधा हिरवा दिवा असतो. तो चकतीबरोबरच्या थर्मल फ्यूजच्या पलीकडून घेतलेला असतो, म्हणून चकती कटली की विझतो. तो विझला की गार्ड बदलायचा, दुरुस्त करायचा नाही.

ज्यूल हे बादलीचं माप आहे, गाळणीचं नाही. चकती मरण्याआधी किती ऊर्जा पचवील ते ज्यूल सांगतात. उसळी किती व्होल्टला रोखली जाईल, हे त्यातून कळत नाही. शिवाय खोक्यावर बहुतेक वेळा तिन्ही चकत्यांची बेरीज छापतात, आणि उसळी एकाच वाटेने आली तर कामाला एकच येते. मी खोक्यावर चार गोष्टी शोधते: क्लॅम्पिंग व्होल्टेज (उसळी किती व्होल्टला रोखली जाईल तो आकडा) दिलंय का, तिन्ही वाटांवर चकत्या आहेत का, थर्मल फ्यूज आहे का, संरक्षणाचा दिवा वेगळा आहे का. यातलं काहीच न छापता नुसतं ‘सर्ज प्रोटेक्टेड’ छापलेला बोर्ड म्हणजे एक्सटेन्शन बोर्ड. वाईट नाही, पण एक्सटेन्शन बोर्डच.

गार्ड हा शेवटचा पहारेकरी असतो. मोठा घाव मेन बोर्डातच झेलायला टाइप २ चा एसपीडी, म्हणजे मघाचा ‘सर्ज प्रोटेक्टर’, मिळतो, एमसीबीसारखाच दिसतो. तो बसवताना वायरमनच्या डोक्यावर उभं राहा. त्याच्या जोडण्यांची एकूण लांबी अर्ध्या मीटरच्या आत हवी. सरळ वायरीच्या एका मीटरला साधारण एक मायक्रोहेन्री इंडक्टन्स असतो, आणि विजेचा प्रवाह मायक्रोसेकंदाला हजार ॲम्पिअरने चढला की त्या एका मीटरवरच हजार व्होल्ट पडतात. म्हणजे एसपीडीने रोखलेलं व्होल्टेज अधिक हे हजार, असं सगळं घरात जातं. एका ओळखीच्या घरी मी दीड मीटर वायर छान वेटोळं करून, टाय मारून ठेवलेली पाहिली आहे. दिसायला सुबक होती.

पाचवा मुद्दा, बटण बंद करण्याचा. बटण एकच वायर तोडतं. वायरमनने फेज आणि न्यूट्रल उलटे दिले असतील, आणि जुन्या घरांत हे सर्रास असतं, तर बटण बंद करूनही फेज यंत्रापर्यंत पोचलेलाच असतो. अर्थ जोडलेली असते, केबल जोडलेली असते, इंटरनेटची वायर राउटरमार्गे स्ट्रीमरला (इंटरनेटवरून गाणी वाजवणाऱ्या यंत्राला) आणि तिथून ॲम्प्लिफायरला भिडलेली असते. मागच्या वर्षी माझ्याकडे आलेल्या एका ॲम्प्लिफायरचा मेन्सचा भाग निर्मळ होता, जळलं होतं ते नेटवर्कचं सॉकेट. प्लग ओढायचा, आणि केबल व लॅनची वायरही ओढायची. फायबर थेट घरात आलेलं असेल तर काचेतून झटका येत नाही. पण राउटरचा ॲडॅप्टर मेन्सवर असतोच.

हेही गडगडाट डोक्यावर यायच्या आधी करायचं, तो डोक्यावर आल्यावर प्लगला हात लावायला जायचं नाही. चमक दिसल्यापासून आवाजापर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. त्याहून सोपं, पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने काढलेलं ‘दामिनी’ ॲप फोनवर ठेवा. आसपास कुठे विजा पडताहेत ते दाखवतं. आपल्याकडे एप्रिल-मेचा वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस हे विजांचे खरे दिवस. आषाढातली झड बिचारी निरुपद्रवी असते, त्यामुळे ‘पावसाळ्याआधी’ हा संदेशाचा मथळा मात्र बरोबर आहे, बहुधा चुकून.

उरला सहावा, जुन्या मशीनचा. जड ट्रान्सफॉर्मर आणि मोठे कपॅसिटर एखादी छोटी उसळी पचवतात, हे खरं. नाजूक ॲडॅप्टरपेक्षा ते दणकट असतातच. पण गळा दाबला की त्यांचंही तेच होतं. ज्या ॲम्प्लिफायरची आतली लाइन २३० वर ४२ व्होल्ट असते, ती ३५० वर ६० च्या पुढे जाऊ पाहते, आणि समोरच्या कपॅसिटरवर ५० व्होल्ट लिहिलेलं असतं. ट्रान्सफॉर्मरचा कोअर भरून जातो, प्रवाह अचानक वाढतो आणि फ्यूज उडतो. माझा असाच वाचला, काही रुपयांच्या काचेच्या नळीने. अट एकच, फ्यूज योग्य मापाचा हवा. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या यंत्रांत फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याच्या दोन तारा किती वेळा निघतात, ते मोजणं मी सोडून दिलंय. ती यंत्रं फ्यूज नसल्याने ‘कधी बंद पडत नाहीत’. बंद पडतात तेव्हा ट्रान्सफॉर्मरसकट.

मावशीकडे शेवटी अर्थ नवीन काढावी लागली. अंगणात खणायला सुरुवात केली तर चार फुटांवर मुरूम संपून काळा कातळ लागला. पुण्याच्या पोटात सगळा बेसॉल्टच, आणि तो विजेला जमीन म्हणून फारसा कामाचा नाही. वायरमन (तोच, आता जरा सावध) म्हणाला, ‘‘ताई, मोरीच्या मागे बघू. तिथं बारा महिने ओल असते.’’ तिथे पाइप तिरका घालून बसला. भोवती कोळसा आणि मीठ, वर झाकण. जमीन कोरडी पडली की अर्थ कमजोर होते, आणि पुण्यात ती सर्वांत कोरडी नेमकी मेमध्ये, पहिला वळीव येतो त्या दिवशी असते. म्हणून एप्रिलपासून आठवड्याला दोन बादल्या पाणी त्या खड्ड्यात, असं मी मावसभावाला सांगितलंय. संदेश त्याने पाठवला होता, पाणीही त्यानेच घालावं.

खड्ड्यापासून हिरवी वायर वेगळी आणून मावशीच्या सॉकेटला दिली, तो बोटभर तुकडा काढून माझ्या पर्समध्ये टाकला, खोलीला ईएलसीबी बसवला. नवा टॉप लावला. हम नाही. मी पत्र्यावर उलटा हात टेकवून बघितलं, मग ओला करून. काही नाही.

‘‘मावशी, आता लाव हात.’’

तिने लावला. मग शेल्फवरून पुठ्ठा उचलला आणि त्यानेच आवाज वाढवला. म्हणाली, याच्याने बटण नीट धरता येतं.